फ्रेंच गाडीचे उतारवय आणि मराठवाड्याचे रस्ते
वाचकांचे प्रश्न : वाहन सदर

मराठवाड्यातून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत रेनो डस्टरविषयीची पत्रे अलीकडे बरीच वाढली आहेत. ही गाडी जुलै २०१२ मध्ये भारतात विक्रीला आली, २०२२ मध्ये त्या पिढीची विक्री थांबली, आणि सुरुवातीच्या काळात घेतलेल्या गाड्या आता दहा-बारा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. ज्या मऊ चालीसाठी लोकांनी ती घेतली ती चाल हरवत चालल्याची खंत जवळपास प्रत्येक पत्रात आहे. त्यामुळे निवडक पत्रे एकत्र घेऊन या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. जुन्या इतर फ्रेंच गाड्यांविषयीची दोन पत्रेही सोबत घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २०१३ ची डस्टर डिझेल आहे. गाडी एक लाख चाळीस हजार किलोमीटर चालली आहे. नवी असताना बीड ते परळीचा रस्ता कितीही खराब असला तरी पोटातले पाणी हलत नसे. आता प्रत्येक गतिरोधकावर पुढून धप्प असा आवाज येतो आणि मागे बसणारी मंडळी कुरकुर करतात. एका मिस्त्रीने चारही शॉकअप बदलण्यास सांगितले, तर दुसऱ्याने ‘हेवी स्प्रिंगा टाका, म्हणजे पुन्हा बघायला नको’ असा सल्ला दिला. कोणाचे ऐकावे?
— निवृत्त मुख्याध्यापक, बीड

उत्तर : दोन्ही सल्ले गाडीखाली न जाता दिलेले दिसतात, आणि दुसरा तर गाडीचे नुकसान करणारा आहे. डस्टरची चाल मऊ लागते ती कोणत्याही एका भागामुळे नव्हे. चाकाला वर-खाली जाण्यासाठी ठेवलेली भरपूर मोकळीक, उंच बाजू असलेले २१५/६५ आर १६ मापाचे टायर, मध्यम ताठरपणाच्या कमानी (स्प्रिंगा) आणि त्या कमानींना जुळवून घेतलेले, त्यांचे उसळणे आवरणारे शॉकअप यांचा तो एकत्रित परिणाम आहे. या साखळीतला एक भाग थकला की बाकीचे चांगले असूनही गाडी आदळू लागते, आणि हे इतक्या हळूहळू होते की रोज चालवणाऱ्याला ते कळतही नाही. बऱ्याच दिवसांनी आलेला पाहुणाच गाडीत बसल्यावर ते बोलून दाखवतो.

आपल्या भागातल्या रस्त्यांचे दोष ढोबळमानाने दोन प्रकारचे आहेत, आणि गाडी त्यांपैकी कोणत्या दोषाला कशी वागते त्यावरून बिघाड ओळखता येतो. काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ता पाया पुरेसा भक्कम नसेल तर काही वर्षांत लाटांसारखा वर-खाली होतो. अशा लांब लाटांवर गाडी एकदा उसळून लगेच स्थिर न होता दोन-तीन वेळा झुलत राहिली, तर शॉकअपमधील तेलाचा दाब गेला असे समजावे. याउलट तीक्ष्ण कडेच्या खड्ड्यात किंवा गतिरोधकावरून उतरताना ठणका बसत असेल, पण नंतर गाडी झुलत नसेल, तर दोष बहुधा रबराचा असतो. मग लोअर आर्मचे (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांडीचे) बुश म्हणजे रबरी सांधे, शॉकअपच्या डोक्यावरची रबरी बैठक म्हणजे माउंटिंग, चाक टोकाला आदळू न देणारा आतला बंप स्टॉप आणि गाडीचे कलणे आवरणाऱ्या स्टॅबिलायझर दांडीच्या लिंक रॉड हे भाग पाहावेत. अगदी कमी वेगात, खडबडीत गल्लीतून जाताना पुढून कट-कट असा हलका आवाज येत असेल तर आधी लिंक रॉडकडेच बोट दाखवावे. तो स्वस्त भाग आहे आणि बदलायला वेळही फारसा लागत नाही. आपल्या गाडीचा धप्प आवाज गतिरोधकावर येतो, पण ती लाटांवर झुलते की नाही याचा उल्लेख पत्रात नाही. तेवढे पुढच्या फेरीत मुद्दाम पाहावे.

त्यानंतर गाडी रॅम्पवर चढवून मिस्त्रीला लोअर आर्मच्या बुशजवळ लिव्हर घालून हलकेच दाबायला सांगावे आणि स्वतः टॉर्च धरून पाहावे. चांगले रबर दाबाखाली थोडे वळते आणि सोडताच जागेवर येते. थकलेल्या बुशमध्ये मात्र लिव्हर दाबताच रबराच्या कडेने भेग उघडते, वैशाखात काळ्या रानाला पडते तशी, आणि मधली लोखंडी नळी बाहेरच्या कड्याला टेकते. पुढच्या चाकांची ही तपासणी बहुतेक गॅरेजांत होते. मागच्या ॲक्सलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दोन मोठे बुश मात्र सहसा कोणी पाहत नाही. ते सैल झाले की मागची बाजू वळणावर किंचित सरकते आणि मागे बसलेल्यांना आदळआपट जास्त जाणवते. आपल्या मंडळींच्या कुरकुरीचे कारण तेथेही असू शकेल, म्हणून ते आवर्जून तपासून घ्यावेत.

बुश बदलताना एका गोष्टीवर स्वतः उभे राहून लक्ष द्यावे. या बुशचे रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेले असते, त्यामुळे बोल्ट ज्या स्थितीत आवळला जातो तीच त्या रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. गाडी रॅम्पवर आणि चाके लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर नवे रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. मग ते काही महिन्यांतच फाटते आणि ‘बाजारातला माल चांगला नाही’ म्हणून दोष मालाला दिला जातो. बोल्ट आधी नुसता बसवावा, गाडीचे पूर्ण वजन चाकांवर येऊ द्यावे आणि मगच शेवटचा आवळ द्यावा.

शॉकअप खरोखर गेले असतील तर पुढची जोडी किंवा मागची जोडी एकत्र बदलावी, एकटा-दुकटा बदलू नये. चारही एकाच वेळी बदलण्याची सक्ती मात्र नाही. पुढचे बदलताना माउंटिंग, त्यातले बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीपासून संरक्षण करणारे रबरी आवरण हे सर्व नवे घालावे, कारण ते सगळे उघडण्याची मजुरी एकदाच द्यावी लागते. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घेणे आवश्यक आहे.

राहिल्या ‘हेवी’ स्प्रिंगा. कमान ताठ केली की तिचे उसळणे आवरण्यासाठी शॉकअपही तितकाच कडक लागतो. मूळ शॉकअपवर ताठ कमान बसवली तर गाडी आदळतेही आणि उसळतेही, आणि मूळचा शॉकअप लवकर गळू लागतो. कमानीच्या वेटोळ्यांमध्ये रबरी बफर अडकवण्याची जी पद्धत सध्या रुळली आहे, तिचाही परिणाम असाच होतो, कारण त्या बफरामुळे कमानीची काही वेटोळी हलायचीच थांबतात. कमान दबून खाली बसली आहे अशी शंका असेल तर सपाट जागेवर प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीदार पत्र्यापर्यंतचे अंतर मोजावे. डाव्या-उजव्या बाजूत ठळक फरक दिसला तरच कमानी बदलाव्यात, आणि त्याही मूळ मापाच्याच घ्याव्यात. डस्टरची चाल हाच तिचा खरा गुण आहे. तो घालवून तिला मालवाहू गाडीसारखी ताठ करणे मनाला पटत नाही.

या सगळ्याच्या आधी टायर पाहावेत, ते शेवटी सांगतो आहे एवढेच. चालकाच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाची पट्टी चिकटवलेली असते. तो दाब सकाळी, गाडी थंड असताना मोजायचा असतो. पंक्चरच्या दुकानात ‘रस्ता खराब आहे’ म्हणून सरसकट जास्त हवा भरून देतात, आणि अर्धी चाल तेथेच बिघडते. टायरच्या पृष्ठभागावरून तळहात फिरवल्यावर उंचवटे आणि खोलगट जागा आलटून-पालटून लागल्या, तर शॉकअप बराच काळ निकामी असल्याचा तो पुरावा आहे.

प्रश्न : फ्रेंच गाड्यांची चाल मऊ असते असे सर्वत्र वाचायला मिळते. हे केवळ जाहिरातीतले बोल आहेत की यामागे काही अभियांत्रिकी परंपरा आहे? सिट्रोएनच्या काही गाड्या उभ्या केल्यावर खाली बसतात असेही ऐकले आहे.
— प्राध्यापक, नांदेड

उत्तर : परंपरा आहे, आणि तिचे मूळ शेतात आहे, म्हणून मराठवाड्यातल्या वाचकाला ती जवळची वाटावी. १९३० च्या दशकात सिट्रोएनचे प्रमुख पिएर-ज्यूल बुलान्जे यांनी ग्रामीण फ्रान्ससाठी एका स्वस्त गाडीची कल्पना अभियंत्यांपुढे ठेवली. शेतकरी आणि त्याचा बाजारचा माल वाहून नेईल, आणि नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडे फुटणार नाही, अशी ती असावी, असे त्यांचे म्हणणे होते. युद्धामुळे काम लांबले आणि ती गाडी, म्हणजे टू सीव्ही, १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिच्या एकाच बाजूचे पुढचे आणि मागचे चाक आडव्या कमानींद्वारे एकमेकांशी जोडलेले होते. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की त्याचा काही ताण मागच्या चाकाकडे जाई आणि गाडी पुढे-मागे डोलण्याऐवजी बरीचशी सपाट राही.

खाली बसणारी गाडी म्हणून आपण जे ऐकले आहे ते सिट्रोएन डीएस आणि तिच्या वंशातील गाड्यांबद्दलचे आहे. ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसमध्ये डीएस प्रथम दाखवली गेली, आणि पहिल्याच दिवशी तिच्यासाठी सुमारे १२,००० मागण्या नोंदवल्या गेल्या. पोल माझेस या अभियंत्याने तिच्यासाठी जी रचना विकसित केली, तिच्यात पोलादी कमान नाहीच. प्रत्येक चाकाशी एक धातूचा पोकळ गोळा असतो. त्याच्या अर्ध्या भागात दाबाखालचा नायट्रोजन वायू आणि अर्ध्या भागात तेल असते, आणि दोहोंच्या मध्ये एक लवचीक पडदा असतो. चाक वर आले की तेल पडद्यावर दाबले जाते आणि वायू आकसतो. वायूचा गुण असा की सुरुवातीला तो सहज दबतो आणि जसजसा आकसत जाईल तसतसा अधिक विरोध करतो, त्यामुळे लहान खाचखळगे जाणवत नाहीत आणि मोठ्या खड्ड्यात गाडी तळाला टेकतही नाही. गाडीत पाच माणसे बसोत की एक, इंजिनावर चालणारा पंप तेलाचे प्रमाण बदलून गाडीची उंची सारखी ठेवतो. इंजिन बंद करून गाडी उभी ठेवली की दाब हळूहळू उतरतो आणि ती खाली बसते. १९६२ मध्ये पॅरिसजवळ राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा टायर फुटलेली डीएस चालकाने ताबा न सोडता तेथून बाहेर काढली, ही घटना या रचनेच्या स्थैर्याचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते.

रेनोचा मार्ग वेगळा होता. १९६१ ची रेनो फोर आणि १९६५ ची रेनो सोळा यांच्यात पीळ घेणाऱ्या लांब पोलादी दांड्या वापरल्या होत्या आणि चाकाला भरपूर वर-खाली होऊ दिले जाई. मागच्या दोन दांड्या एकापुढे एक ठेवाव्या लागल्याने या गाड्यांचा डावा आणि उजवा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) किंचित वेगळा असे, आणि तो तसाच राहू देण्यात आला. प्यूजो तर शॉकअपसुद्धा बराच काळ स्वतःच तयार करीत असे. फ्रान्समधील दगडी फरसबंदीचे रस्ते आणि शेताकडे जाणाऱ्या वाटा यांनी या कंपन्यांना ही सवय लावली, असे मानायला जागा आहे. डस्टरमध्ये वायूचे गोळे नाहीत. तिची मूळ आवृत्ती रेनोच्या रुमानियातील डाचिया या कंपनीच्या नावाने २०१० मध्ये युरोपात आली, आणि आपल्याकडची गाडी चेन्नईजवळच्या ओरगडम येथे तयार झाली. चाकाला मोकळीक द्यायची आणि कमान ताठ करायची नाही, हा जुना आग्रह मात्र तिच्यात टिकलेला दिसतो. सिट्रोएनने वायूच्या गोळ्यांची रचना २०१७ नंतर बंद केली. २०२१ मध्ये भारतात आलेल्या सी फाइव्ह एअरक्रॉसमध्ये शॉकअपच्या दोन्ही टोकांना तेलाचे छोटे अवरोधक बसवलेले आहेत, ज्यामुळे चाक शेवटच्या टोकाला जाऊन आदळत नाही.

प्रश्न : माझी २०१४ ची डिझेल डस्टर शेतातल्या आखाड्यावर उभी असते. हंगाम नसेल तेव्हा दोन-दोन आठवडे ती हलतही नाही. आजवर फक्त ६२ हजार किलोमीटर झाले आहेत, त्यामुळे मोठी कामे इतक्यात नकोत असे मला वाटते. आपले मत काय?
— शेतकरी, जिंतूर तालुका, जि. परभणी

उत्तर : किलोमीटर कमी असणे ही जमेची बाजू आहे, पण रबर आणि तेल यांचे वय मीटरवर दिसत नाही. आपल्या १.५ लिटर डिझेल इंजिनात टायमिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडण्यासाठी, साखळी नसून पट्टा आहे. हा पट्टा तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडण्याशिवाय मार्ग उरत नाही. परभणीच्या उन्हाळ्यात पारा चाळीशी कधीच ओलांडतो. उघड्यावर उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त ताप असतो आणि रबर त्याने आतून कडक होते. पट्टा गाडीबरोबर आलेलाच असेल, तर किलोमीटरचा हिशेब बाजूला ठेवून तो आता बदलून घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. या इंजिनाचा पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरतो, म्हणून पट्टा, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि पंप एकाच वेळी बदलावेत. पंप सहा महिन्यांनी गळू लागला तर तेच सारे काम पुन्हा उघडावे लागेल.

दुसरी गोष्ट डिझेलची. ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये आणून ठेवलेले डिझेल गरजेला गाडीत ओतण्याची सवय आखाड्यावर असते. ट्रॅक्टरचे जुने पंप हे बरेचसे निभावून नेतात. या गाडीच्या कॉमन रेल इंजेक्टरांना, म्हणजे इंजिनात जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या नळ्यांना, मात्र पाणी आणि बारीक कचरा अजिबात चालत नाही. पंपावरचे ताजे डिझेलच भरावे, फिल्टर वेळेवर बदलावा आणि पावसाळ्यानंतर फिल्टरमध्ये साचलेले पाणी काढून टाकावे.

सोयाबीन किंवा कापूस साठवलेल्या खोलीजवळ गाडी उभी असेल तर उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि कोणती वायर तुटली हे शोधण्याची मजुरी वायरच्या किमतीच्या कितीतरी पट होते. गाडी तेथून दूर, शक्य तर पत्र्याच्या सावलीत उभी करावी आणि आठवड्यातून एकदा तरी ती अर्धा तास चालवावी. केवळ जागेवर इंजिन सुरू करून ठेवल्याने बॅटरी थोडी भरेल, पण टायर एकाच जागी दबलेले राहतील आणि शॉकअपच्या सीलला तेल लागणार नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत आणि त्यांना पाठीचा जुना त्रास आहे. तपासणीसाठी त्यांना लातूरहून अंबाजोगाई, केज, बीडमार्गे छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागते. डस्टर आहे म्हणून प्रवास होतो, पण मांजरसुंब्यापर्यंत त्या थकून जातात. गाडीत काही बदल करून उपयोग होईल का?
— गृहिणी, लातूर

उत्तर : बदल करण्यापूर्वी त्यांची बसण्याची जागा बदलून पाहावी. ज्येष्ठांना मागे बसवण्याची आपली पद्धत आदराची आहे, परंतु मागची सीट मागच्या चाकांच्या अगदी जवळ असते आणि त्या चाकांचा प्रत्येक धक्का तेथे सरळ पोहोचतो. पुढची डावी सीट पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागाजवळ येते, आणि गाडी पुढे-मागे डोलते तेव्हा मधल्या भागाची हालचाल सर्वांत कमी असते. ती सीट थोडी मागे सरकवून, पाठ किंचित कलती ठेवून त्यांना तेथे बसवावे, आणि सीटबेल्ट न चुकता लावावा.

सीटवर जाड स्पंजची गादी ठेवली असेल तर ती काढावी. मऊ गादी ही आणखी एक कमान होते आणि शरीर गाडीपेक्षा जास्त उसळते. दहा वर्षांत सीटचा मूळ फोमच मधोमध दबलेला असतो. सीटच्या मध्यावर मूठ दाबून पाहावी. खालची चौकट हाताला लागली तर कुशनवाल्याकडून त्याच घनतेचा नवा फोम भरून घ्यावा. पाठीच्या त्रासासाठी शॉकअप बदलण्याइतकेच हे काम महत्त्वाचे आहे, आणि खर्च कितीतरी कमी आहे.

डिकीत, मागच्या चाकांच्याही मागे, धान्याची पोती किंवा पाण्याचे जार ठेवू नयेत, कारण त्यामुळे गाडीचे डोलणे वाढते. सामान न्यायचेच असेल तर ते मागच्या सीटच्या पायाशी ठेवावे. लाटा असलेल्या पट्ट्यात वेग थोडा कमी केला की झुलणे एकदम कमी होते. हे चालवणाऱ्यांना आपण सांगितले तर ते ऐकतील अशी आशा आहे.

प्रश्न : डस्टरला १८ इंची ॲलॉय चाके आणि रुंद, चपटे टायर बसवावेत का? गाडी समृद्धी महामार्गावर नेहमी जाते.
— व्यापारी, जालना

उत्तर : बसवू नयेत. टायरची उंच बाजू हीच खड्ड्याचा पहिला मार खाते, ती कमी केली की तो मार सरळ रिमला आणि बुशला बसतो. समृद्धीचा रस्ता काँक्रीटचा आहे आणि तेथे १२० च्या वेगमर्यादेत तासन्‌तास एकसारखे धावताना टायर खूप तापतात, म्हणून दिसण्यापेक्षा टायरच्या वयाकडे पाहावे. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा कोरलेला असतो. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. सहा-सात वर्षांपूर्वीचा टायर नक्षी शिल्लक असली तरी या महामार्गावर नेऊ नये.

प्रश्न : वडिलांनी हौसेने घेतलेली प्यूजो ३०९ आमच्या वाड्यात अनेक वर्षे उभी आहे. तिची मागची चाके वरून आत झुकलेली दिसतात. ती पुन्हा रस्त्यावर आणणे शक्य आहे का?
— वाचक, धाराशिव

उत्तर : १९९० च्या दशकात प्रीमियर ऑटोमोबाईल्स आणि प्यूजो यांच्या भागीदारीतून कल्याणच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी चालीच्या बाबतीत तेव्हाच्या इतर गाड्यांच्या पुष्कळ पुढे होती. भागीदारी काही वर्षांतच संपली आणि गाडी मागे पडली, ही खेदाची गोष्ट आहे. मागची चाके झुकण्याचे कारण जगभरच्या ३०९ मालकांना परिचित आहे. मागच्या ॲक्सलच्या नळीत बारीक सुयांसारख्या रोलरांची बेअरिंगे असतात. सीलमधून पाणी शिरले की ती गंजतात, चाक धरून ठेवणाऱ्या आर्मची दांडी नळीवरच घासू लागते आणि चाक वरून आत कलते. अशा अवस्थेत गाडी ओढूनही लांब नेऊ नये. ॲक्सल उघडून नळी आणि दांडी तपासावी. नळी घासली गेली नसेल तर नवी बेअरिंगे आणि सील घालून काम भागते. बेअरिंगे मापावरून शोधता येतात. नळी खराब झाली असेल तर चांगल्या खराद कारखान्याचे काम पडेल. नोंदणीची मुदत अर्थातच संपलेली असणार. वीस वर्षांवरील वाहनांचे नूतनीकरण शुल्क २०२५ मध्ये वाढवण्यात आले आहे, त्यामुळे दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात कागदपत्रांची स्थिती पाहून घ्यावी. पत्रा खालून शाबूत असेल तर ही गाडी वाचवावी, असे मनापासून वाटते.

प्रश्न : माझी २०१३ ची डिझेल डस्टर चांगल्या स्थितीत आहे, पण दहा वर्षांवरील डिझेल गाड्या बंद होणार असे लोक सांगतात. सुटे भागही मिळणार नाहीत म्हणे. मिळेल त्या किमतीला विकून टाकावी का?
— बँक कर्मचारी, हिंगोली

उत्तर : दहा वर्षांच्या मर्यादेचे आदेश दिल्ली आणि राजधानी परिसरासाठी निघाले होते. ते राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यासमोरील प्रकरणांतून आले आणि महाराष्ट्रातील खासगी गाड्यांना लागू नाहीत. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणीत गाडी योग्य ठरल्यास दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्या वेळी पर्यावरण कर भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवणेही बंधनकारक आहे. ती बसवली नसेल तर ते काम आधी उरकावे.

सुट्या भागांची भीतीही अवाजवी आहे. हेच १.५ लिटर डिझेल इंजिन निसानच्या टेरानो, सनी आणि मायक्रा या गाड्यांत, रेनोच्या लॉजीमध्ये, तसेच नाशिकला तयार झालेल्या महिंद्र-रेनो लोगन आणि पुढे तिचेच नाव बदलून आलेल्या व्हेरिटोमध्ये वापरले गेले. टेरानो तर खालून जवळजवळ डस्टरच आहे. अडचण येते ती दिवे, दारांच्या पट्ट्या, आतले प्लॅस्टिक अशा बाह्य भागांची. ते जुन्या बाजारात शोधावे लागतात. गॅरेज निवडताना इंजिन आणि वायरिंगमधील दोष वाचणारे यंत्र ज्याच्याकडे आहे आणि जो भाग बदलण्याआधी ते वापरतो, असा मिस्त्री पाहावा. हिंगोलीत नसेल तर नांदेडपर्यंत जाणे परवडते.

विकण्याविषयी आमचे मत असे आहे की जुन्या फ्रेंच गाडीला बाजारात भाव कमी मिळतो, तो तिच्या अंगच्या गुणापेक्षा लोकांच्या धास्तीमुळे. म्हणून विकणाऱ्याचा तोटा होतो आणि वापरत राहणाऱ्याचा होत नाही. हातात येणाऱ्या रकमेत अशी चाल असलेली दुसरी गाडी मिळणे कठीण आहे. मात्र गाडी खालून नीट पाहावी. दारांखालचे पत्रे, मागच्या कमानीची बैठक आणि पुढचा शॉकअप वर ज्यात बसतो तो पत्र्याचा बुरुज येथे गंज आरपार गेला असेल, किंवा इंजिन ऑइल पीत असेल, तर नवे बुश आणि शॉकअप घालून पैसे अडकवू नयेत. या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर गाडी ठेवावी. आपल्या गाडीची पंधरा वर्षे २०२८ मध्ये पूर्ण होतील. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करता येतो, तेव्हा टायर, ब्रेक, दिवे आणि बुश यांची कामे त्याच्या दोन-तीन महिने आधी संपवून, धुराची तपासणी करून गाडी नेली तर ती नापास होण्याचे कारण उरणार नाही.